आईच्या पुस्तकातला सांबार

अरे, स्वयंपाकाच्या पुस्तकाचं मले काय विचारता! आईजवळ एक जुनं छापील पुस्तक होतं. त्यात जिथं जिथं 'कोथिंबीर' छापलं होतं, तिथं तिथं तिनं ते खोडून 'सांबार' लिहिलं होतं. "आपल्या नागपूरकडे सांबारच म्हणतात," म्हणे. जबलपुरात आयुष्य गेलं, पण इथल्या ओमती भागातल्या भाजीवाल्यालेही ती सांबारच मागे.

मग माझं लग्न झालं. बायको इथलीच, हिंदीवाली. पहिल्याच रविवारी तिनं ते पुस्तक समोर ठेवून वांग्याचं भरीत केलं. ताट वाढलं, तर भरीत डाळीत पोहून राहिलं होतं!

"हे काय गं?" आईनं विचारलं.

"मम्मीजी, आपने ही तो लिखा है, वरून सांबार घाला. सुबह से इडलीवाला सांभर बना रही हूँ."

मी हसू दाबून बसलो. आईनं मात्र सगळं ताट संपवलं अन् पेन मागितला. मले वाटलं, चलो, बिचारी कोथिंबीर आता परत येते.

आईनं 'सांबार' खोडलं अन् वर लिहिलं, 'धनिया'.