उजवीकडची खुर्ची

मला एक सांगा मंडळी, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? नाही, हसू नका, खरंच विचारतोय! गिऱ्हाईक म्हणतं ‘उद्या नक्की येतो’, त्यावर मी कधीच ठेवला नाही. कापडाचा रंग जाणार नाही असं गिरणीवाला म्हणतो, त्यावर तर त्याचा स्वतःचाही नसतो. पण सुटाबुटातला माणूस, हातात माईक, मागे हा एवढा पडदा, आणि समोर बसलेल्या झाडून सगळ्या पायलटांना छातीवर हात ठेवून सांगतो, “तुम्ही आमचं कुटुंब आहात. काळजी करू नका, तुमचं काहीही बदलणार नाही!” त्यावर तरी ठेवायचा की नाही?

आमच्या जावयांनी ठेवला.

आता आमचे जावई म्हणजे, तुम्हाला सांगतो, सोन्यासारखा माणूस. पायलट. पण उजवीकडचे. म्हणजे असं बघा, विमानाच्या नाकात दोन खुर्च्या. डावीकडे बसतो तो कॅप्टन, खांद्यावर चार पट्ट्या. उजवीकडे बसतो तो को-पायलट, तीन पट्ट्या. पट्ट्यांचं मला विचारा, माझं गणवेशाचंच दुकान आहे, बँडवाल्यांपासून दवाखान्याच्या वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांचे खांदे मी सजवलेत. आणि उजवीकडचा नुसता बसलेला असतो असं समजू नका हं! एक फेरी हा उडवतो, एक तो. विमान दोघांनाही तेवढंच येतं. फरक त्या एका पट्टीचा... आणि त्या पट्टीसाठी आमच्या जावयांचा जीव कसा तीळ तीळ तुटतो, ते मी पाहिलंय.

तुम्ही म्हणाल, मग चांगलं उडवलं की मिळेलच पट्टी! अहो कुठलं? तिथे सगळा कारभार नंबरावर. तुम्ही विमान लोण्यासारखं उतरवा नाहीतर दगडासारखं, प्रश्न एकच, तुमच्या पुढे किती जण आहेत? दवाखान्यात बसतो ना आपण, तस्सं. पुढचा आत गेला की आपण एक बाकडं सरकायचं. आमचे जावई असे वर्षानुवर्षं सरकत सरकत डॉक्टरच्या दारापर्यंत आले होते. पुढे उरले होते एकटे मिशीवाले काका, म्हणजे त्यांच्यातलेच एक जुने को-पायलट. ते डावीकडे गेले की आमच्यांचा नंबर! आणि तेवढ्यात काय झालं? शेजारचा दवाखाना बंद पडला आणि तिथली सगळी गर्दी, आपापले नंबर हातात घेऊन, यांच्या बाकड्यावर येऊन बसली!

म्हणजे कंपन्या एक झाल्या हो. आमच्यांची छोटी कंपनी, ती दुसरी मोठी. सुटाबुटातला म्हणाला, “याला विक्री म्हणू नका, हे लग्न आहे!” मी जावयांना म्हटलं, “मग यात मुलीकडचे कोण?” त्यांनी नुसते हात जोडून दाखवले. तेव्हाच मला कळलं, आपणच!

मग दोन्हीकडच्या पायलटांची एक रांग लावली. कशी, ते विचारू नका, पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तशी, फक्त मोठ्यांची पानं वर आणि आमच्यांची खाली. पिसून झाल्यावर आमचे जावई शोधायला लागले, आपण कुठे आहोत... वरच्या पानावर नाही... दुसऱ्यावर नाही... लेक माझी शेजारी बसून बोट फिरवतेय... “अहो, तुमचं नाव राहिलंय का छापायचं?” राहिलं नव्हतं. पार खाली होतं. खालच्यांना तर म्हणे आधी घरी पाठवतात, विमानं कमी केली की! त्या सुटाबुटातल्या साहेबाला फोन लावला, तर साहेब काय म्हणतो? “अहो, पगार तोच, खुर्ची तीच. तुमचं काहीही बदलणार नाही!”

बदललं नाही? टायचा रंग बदलला! टोपी बदलली! रविवारची सुट्टी गेली, कारण सुट्टीसुद्धा नंबरावर. आणि तुम्हाला सांगतो, गंमत बघा, या नव्या गणवेशाची ऑर्डर आली कुणाकडे? माझ्याकडे! आता व्यापारी म्हणून मला आनंद व्हायचा तो झालाच, खोटं कशाला बोलू. पण माझ्या खणात एक डबी होती. चार पट्ट्यांची खांद्याची जोडी, जुन्या कंपनीच्या रंगाची, चंदेरी, आमच्या जुन्या कारागिराकडून हातानं करून घेतलेली. जावईबापूंच्या त्या दिवसासाठी. आणि नव्या ऑर्डरीत स्वच्छ लिहिलेलं, पट्ट्या सोनेरी. डबी उघडली, बघितली, बंद केली. दुसरं काय करणार?

मी जावयांना म्हटलं, “सोडा ही नोकरी! दुसरी कंपनी बघा, तुमच्यासारखा माणूस कोण नाही घेणार?”

“घेतील बाबा. पण तिथे गेलो की रांगेत शेवटी. नंबर बरोबर नेता येत नाही.”

ऐकलंत? अहो, माझ्या दुकानातला शिंपी उद्या समोरच्या दुकानात गेला, तर त्याचा हात काय माझ्याकडे ठेवून जातो?

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. कॅप्टन प्रवाशांशी बोलतो ना माईकवर, ते आमचे जावई रोज बाथरूममध्ये म्हणायचे. लग्न झालं तेव्हापासून! आत शॉवर सुरू, आणि भारदस्त आवाज, “नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय. हवामान स्वच्छ आहे. निश्चिंत बसा.” बाहेरून नात दार ठोकणार, “कॅप्टन, माझी शाळेची बस चुकेल!” आम्ही राहायला गेलो की मीही अंथरुणात निश्चिंत पडून राहायचो. ती रांग लागली आणि दुसऱ्या दिवसापासून आतून नुसता पाण्याचा आवाज. लेकीचा फोन आला, रडत होती. “बाबा, जेवतात, हसतात, ड्युटीवर जातात... पण बाथरूममध्ये बोलत नाहीत हो!” आता हे दुखणं कुठल्या डॉक्टरला सांगायचं?

आणि वरून तो डुलकी! डुलकी म्हणजे मोठ्या कंपनीतला कॅप्टन. विमान शिकायच्या शाळेत आमच्या जावयांच्या मागच्या तुकडीत होता, वर्गात बसल्या बसल्या झोपायचा म्हणून डुलकी. परीक्षेच्या सकाळी आमचे जावई त्याला गदागदा हलवून उठवायचे! पण त्याच्या कंपनीनं धडाधड विमानं घेतली, डाव्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, झाला कॅप्टन. आता डुलकी डावीकडे, आमचे उजवीकडे. पोरगा वाईट नाही हं. अजून यांना ‘सर’ म्हणतो. त्याचाच जास्त त्रास होतो, असं जावई एकदा बोलून गेले.

तर मेहुणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून आम्ही दोघं निघालो, आणि विमान नेमकं जावयांचं. ही तर केव्हापासून मान वर करकरून बघतेय, दिसतात का. विमान जागचं हलेना. पुढे काय झालं ते जावयांनी मागाहून सांगितलं. डुलकी म्हणाला, “सर, माझा घसा बसलाय, आज तुम्ही बोला ना लोकांशी.” यांनी माईक घेतला. समोर घड्याळंच घड्याळं, मनात म्हणे काहीच नव्हतं, आणि तोंडातून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, घरंगळत आलं, “नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय...”

आवाज बंद. म्हणजे मध्येच थांबले. मग अगदी हळू, “हवामान स्वच्छ आहे. निश्चिंत बसा.”

हिनं माझा हात असा आवळला! “अहो! झाले! आपल्याला सांगितलंसुद्धा नाही!” डोळ्यांतून धारा. शेजारच्या गृहस्थाला म्हणते, “आमचे जावई!” तो म्हणतो, “अभिनंदन!” पाण्याचा ट्रे घेऊन येणारी मुलगी जागच्या जागी थबकली, तिला खरं ठाऊक होतं, पण हिचा चेहरा बघून तीसुद्धा म्हणाली, “अभिनंदन, मावशी.” आणि मी? मी निमूट खुर्चीचा पट्टा घट्ट केला. चार सोनेरी पट्ट्यांचा एकेक जोड माझ्या हातून जातो हो. त्यांच्या खांद्याचा गेला नव्हता.

विमान उतरलं, तुम्हाला सांगतो, कधी टेकलं कळलंसुद्धा नाही! ती फेरी आमच्यांची होती. दारात दोघं उभे. बॅगवाला एक प्रवासी डुलकीचा हात हातात घेऊन म्हणतो, “कॅप्टन, काय उतरवलंत हो!” डुलकीनं शेजारी बोट दाखवलं, पण तोवर तो शिडीवर. हिनं आधी डुलकीचा खांदा बघितला. मग जावयांचा. तोंडावरचं हसू तसंच ठेवून उभी राहिली.

“आई,” जावई म्हणाले, “सवयीनं गेलं तोंडातून.”

“मावशी, चुकले काही नाहीत,” डुलकी म्हणाला. “फक्त जरा आधी बोलले.”

“किती आधी रे बाळा?”

दोघंही पायलट विमानाच्या छताकडे बघायला लागले. अख्खं आभाळ पाठ असलेली माणसं, पण एवढं काही सांगता आलं नाही.

दोन दिवसांनी लेकीचा फोन. “बाबा, ऐका!” आणि तिनं फोन बाथरूमच्या दाराला लावला. पाण्याचा आवाज... आणि त्यातून, थोडा दबलेला, “नमस्कार, मी आपला...” आणि नातीचा ठोका, “कॅप्टन, बस!” मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक, हातात मापाची टेप. खण उघडला, डबीवरची धूळ पुसली आणि परत ठेवली. चंदेरी तर चंदेरी, परत कंपन्यांची लग्नं झाली तर रंग फिरेलसुद्धा, काय सांगावं?

तर मंडळी, तुम्हीही कधी विमानात बसाल. उतरताना दारात डावीकडच्याचे आभार मानून चालू लागू नका, आज कुणी उतरवलं ते विचारा, आणि ज्याचे आभार त्याच्याच खात्यावर मांडा. आमचे जावई शोधायला वेळ लागणार नाही, उजवीकडेच असतील. त्यांचं काहीही बदलणार नाही, असा साहेबाचा शब्द आहे, आणि तेवढा एक तो अगदी कसोशीनं पाळतोय! निदान तुम्ही तरी, हात जोडतो, हिशेब चोख ठेवा.