पाण्यातलं वाक्य

मैना : दूध उतू चाललंय.

मैना : कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.

मैना : पुढचा पेशंट.

मैना : हात धर, हात धर, ट्रक आला.

ताई : काय गं, किती जणी राहतात तुझ्या पोटात?

आई : ताई, ती तुमच्याशी बोलत नाहीये. ऐकलेलं म्हणते. स्वयंपाकघरातलं, लिफ्टमधलं, दवाखान्यातलं. म्हणून तर घरात सगळे मैना म्हणतात. आठ वर्षांची आहे. स्वमग्न आहे, ते मी फोनवर सांगितलं होतं.

ताई : सांगितलंत. मंगळवारी माझ्याकडे अशीच मुलं असतात. मैना, मी ताई. पाण्यात मी तुझ्याजवळ असणार. शिट्टी वाजणार नाही.

मैना : शिट्टी वाजणार नाही.

आई : एक आधीच सांगते. मला हिला पोहायला नाही शिकवायचं.

ताई : मग तलावावर कशाला आलात? फरशी बघायला?

आई : हिला पाण्याची भीती घाला. एकदाच जाऊ दे नाकातोंडात. म्हणजे पुन्हा कालव्याकडे फिरकायची नाही.

ताई : कालव्यात गेली होती?

आई : गेल्या महिन्यात. छातीपर्यंत. रस्त्यावरून एक बाई स्कूटरवर चालल्या होत्या, त्यांनी ती तशीच टाकली आणि हिला ओढून काढलं. तेव्हापासून दाराला वर कडी, खाली कडी, मध्ये कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. तरी ही खुर्ची ओढते.

ताई : ओढणारच. मैनाची आई, भीती घालायचं काम मी करत नाही. पाण्याची ओढ तशीच राहते आणि मूल घाबरलेलं असतं, एवढाच फरक पडतो. मी तिला आधी एवढंच शिकवणार, की पाण्यात पडलं तर पाठीवर वळायचं, तोंड वर ठेवायचं, श्वास घ्यायचा. पोहणं मागाहून.

आई : तिला कळेल?

ताई : बघू ना. ये मैना. डोकं माझ्या खांद्यावर. आता आभाळ बघ.

मैना : आभाळ नाही. पत्रा आहे.

ताई : चुकलंच माझं. पत्रा बघ. पोट वर. वा! पाय हलव. अजून.

आई : ताई, हात सोडलात तुम्ही!

ताई : सोडलाय, पण खालीच आहे. बसा तुम्ही.

आई : ती खोल बाजूला चाललीय. ताई! मैना, थांब! थांब!

ताई : धरली. धरलीय मी. खोक बाळा. अजून खोक. झालं, झालं.

आई : बघा! म्हटलं नव्हतं मी?

ताई : काय झालं ते बघितलंत का? पाय छान चालले होते तिचे. तुम्ही थांब म्हणालात आणि ती थांबली. हात, पाय, सगळं. पाण्यात असं थांबलं की माणूस खाली जातं.

आई : तीन वर्षं लागली मला तो शब्द शिकवायला. रोज रस्त्याच्या कडेला उभं राहून. लोक हसायचे. त्या एका शब्दावर जगलीय ही.

ताई : रस्त्यावर. तिथे तो राहू द्या. कडेला एकटी असली तर काय करते?

आई : स्वतःच म्हणते, थांब. माझ्या आवाजात. मी ओरडते तसंच.

ताई : आणि कालव्यात काय म्हणत होती?

आई : काहीच नाही. त्या बाई म्हणाल्या, तोंडातून शब्द नव्हता.

ताई : दुधापाशी तिच्याकडे दुधाचं वाक्य आहे. लिफ्टमध्ये लिफ्टचं. पाण्यात तिला कुणी कधी काही सांगितलंच नाही. ते द्यायला हवं.

आई : द्या मग.

ताई : मी दिलं तर ते माझ्याजवळच आठवेल. तुमच्या आवाजात हवं. आणि पाण्यात उभं राहून. काठावरून नाही.

आई : मला पोहता येत नाही.

ताई : उभं राहता येतं ना? कंबरेपर्यंत तर आहे. फक्त घाबरत म्हणू नका. सूरसुद्धा उचलते ना ती?

आई : माझी शिंकसुद्धा उचलते.

ताई : म्हणूनच. आता पाठीवर वळायला तिला कळेल असा शब्द सांगा. पत्रा नको, कालव्यावर पत्रा नाही.

आई : उताणी. झुरळ पडतं ना, तसं. तो शब्द माहितीये तिला.

ताई : झालं तर. झुरळाचं भलं होवो.

(त्यानंतरचे काही मंगळवार. आई पाण्यात.)

आई : उताणी हो. तोंड वर. श्वास घे.

ताई : दात वाजताहेत तुमचे. परत.

आई : पाणी गार आहे.

ताई : पाणी चांगलं कोमट आहे. परत.

आई : उताणी हो! तोंड वर! श्वास घे!

ताई : हे पोलिसासारखं झालं. तिला झोपवताना कसं बोलता?

आई : तेव्हा कुठला जीव असतो बोलायला? पुटपुटते काहीतरी.

ताई : तसंच. पुटपुटा.

आई : उताणी हो… तोंड वर… श्वास घे…

ताई : हं. आता रोज हेच. कंटाळा येईपर्यंत.

मैना : शिट्टी वाजणार नाही.

ताई : नाही वाजणार, राणी.

(आणखी काही मंगळवारांनंतर.)

आई : ताई, आज हिला घरचे कपडे का घालायला लावलेत? चपला पण?

ताई : कालव्यावर काय पोहायचा पोशाख घालून जाणार आहे? आज तुम्ही बाहेर. त्या खांबामागे. तिला दिसायचं नाही.

आई : आज नको.

ताई : मी पाण्यात तिच्या हाताशी आहे. बुडू देणार नाही. पण तुम्ही एक शब्द काढायचा नाही. हवं तर तोंडावर हात धरा.

आई : आणि ती काहीच बोलली नाही तर?

ताई : तर मी उचलेन आणि पुढच्या मंगळवारी परत. मैना, काठावरून पाऊल टाक.

मैना : …

ताई : गेली. हलू नका, मैनाची आई. तिथेच.

मैना : …

ताई : वर येतेय. बोलू नका.

मैना : उताणी हो.

मैना : तोंड वर.

मैना : श्वास घे.

ताई : या आता खांबामागून. रडा, पण आवाज न करता.

आई : इतका दमलेला आहे माझा आवाज?

ताई : दमलेला आहे म्हणून तर तरंगतेय ती.

आई : म्हणजे आता कुलपं काढली तरी चालतील?

ताई : अजिबात नाही. कुलूपही हवं आणि हेही हवं. अजून पुष्कळ मंगळवार आहेत.

आई : मैना, चल, बाहेर ये. मैना! ऐकत नाहीये.

ताई : कान पाण्यात आहेत तिचे. आपण दोघी तिला लांबून कुठूनतरी ऐकू येत असू. असू द्या थोडा वेळ.

आई : ती कालव्यात गेली त्या दुपारी कुणालाही न सांगता पाणी सोडलं होतं. आमच्या गल्लीत ते सगळ्यांत आधी तिला ऐकू आलं.