अर्जावरचे पंजे

—नाई सायेब, शाई सांडली नाई, ते पंजेच हायेत. बसा, बाजेवर बसा, पाणी घ्या. हो, अर्ज मीच आणून देलता तुमच्या ऑफिसात, मीच देवसिंग. खिडकीतल्या बाईनं शिक्का मारला तवा तिनं पाह्यलं नाई, फोनवर बोलून राह्यली होती. अठ्ठावीस पंजे अन् एक अंगठा, बरोबर मोजले तुम्ही. अंगठा माझा. अन् ते दोन फाकीचं दिसून राह्यलं ना कोपऱ्यात, ते बकरीचं खुर हाय, शेजारच्या धनीबाईच्या बकरीचं — ते बी रोज येते मैदानात, तिले कोण्या तोंडानं नाई म्हणू.

पहिल्यापासून सांगतो, मले घाईनं सांगता येत नाई. हे समोरचं मैदान — आज्याच्या वक्ती आमचे लोक बैलायवर मीठ लादून गावोगाव चालत, तवा इथं मुक्काम पडे. बैल बसत, बाया भाकरी भाजत, कुत्रे मिठाच्या गोण्या राखत. मग बैल गेले, गोण्या गेल्या, आमचा तांडा इथंच बसला, आम्ही कापूस पेरू लागलो — पण कुत्र्यायले कोणं सांगतलंच नाई, ते तसेच येत राह्यले. मग गावातले लोक बी आपापले कुत्रे घेऊन येऊ लागले. पहिले पुंडलिकराव आले. मोठे कास्तकार, भला माणूस. त्यायच्या लेकानं, कपिलनं, नागपुरातून एक केसाळ कुत्रा आणला, त्याले उन्हाळ्यात कूलर लागते. पुंडलिकरावाले डॉक्टरनं चालायले सांगतलं हाय, तं तो कुत्रा त्यायले चालवते. मग मास्तर आले, बँकेतली राखीबाई आली — आता रोज संध्याकाळी तीस-चाळीस माणूस होते. कुत्रे तिकडं पळतेत, माणसं माझ्या बाजेभवती बसतेत. जमनाबाई गेली तवापासून, माझी बायको, ह्या घरी चहाले कोणी येत नव्हतं सायेब. आता कोणाले साखर कमी, कोणाले अद्रक, सारं ध्यानात ठेवा लागते मले. बरं, ते जाऊ द्या, ते अर्जातलं नाई.

तं नोटीस लागली — इथं गाळे बांधायचे, हरकत असन तं पंधरा दिवसात लिहून द्या. इथंच सभा झाली. पुंडलिकरावानं अर्ज लिहिला अन् उभं राहून वाचला. आम्ही रोज या मैदानात येतो, खेळतो, हिंडतो, हे गेल्यावर आम्ही जावं कुठं — बायायच्या डोळ्यात पाणी आलं. मले म्हणे, देवसिंगबाबा, तुम्ही इथंच असता, जो जो रोज येते त्याचा अंगठा घ्या, सही येत असन तं सही घ्या. निळ्या शाईचं पॅड देलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरापुढं कागद धरला, म्हणे चष्मा घरी राह्यला. चष्मा नाकावरच होता. राखीबाई म्हणे, बँकेतल्या सायेबाले विचारून सांगते. एक जण म्हणे, पहिली सही माझी नको, पाचवी माझी घ्या. दुसरा बी म्हणे पाचवी. दहा दिवसात मले पाचवी सही करणारे अकरा भेटले सायेब, पहिली करणारा एक नाई. मंग मी माझा अंगठा मारला अन् पुंडलिकरावाकडं गेलतो, म्हणलं दुसरी तुमची होऊ द्या. ते खाली वाकून कुत्र्याचा पट्टा सोडू लागले. पट्टा तं सुटेलच होता. मंग हळूच म्हणे, बाबा, कपिलनं त्यातला एक गाळा आपल्या नावानं सांगून ठेवला... हे तुमाले सांगायचं नव्हतं. लिहिलं काय? खोडा ते. वाईट माणूस नाई हो तो, पण लेकापुढं कोणाचं चालते.

तेरावा दिवस उगवला. मी इथंच बसून अर्ज मनात घोळवून राह्यलो. रोज येतो, खेळतो, जावं कुठं — हे कोण म्हणून राह्यलं? मास्तर? मास्तराचं घर दोन मजली हाय. मंग मले समजलं. घरातून भाकर आणली, तुकडे केले, अन् जो जो आला त्याले बसवलं. पहिली भुरी आली, आमच्या तांड्याचीच कुत्री. पाय पुढं केला, झालं. मी जनमभर अंगठा देऊन राह्यलो सायेब, हात किती कापते ते मले ठाऊक हाय. तिचा पाय नाई कापला. अन् राशनच्या मशीनीवर माझा अंगठा उठतच नाई, घासून गेला, हे पंजे पाहा कसे साफ उठले. फक्त पुंडलिकरावाच्या कुत्र्यानं पॅड चाटलं. दोन दिवस झाले, त्याची जीभ निळी हाय, त्याले घेऊन ते दवाखान्यात जाऊन आले. शाईचं त्यायले अजून ठाऊक नाई. माझ्या तोंडून हे बी निघालंच काय आज.

फसवणूक कशी म्हणता? मी कुठं सांगतलं का ही माणसं हायेत. बरं, हरकत माणसाचीच धरतेत — असन कायदा. मंग किती माणसायची लिहून राह्यले? एक. लिहा एक. बापाचं नाव भीमसिंग. आज पंधरावा दिवस हाय ना, तुमचं ऑफिस सहाले बंद होते ना? मंग तो कागद एवढ्यात पिशवीत टाकू नका. राहू द्या इथं, बाजेवर.

ते पाहा, कुत्रा पुढं अन् पुंडलिकराव मागं. आज एकटेच लवकर आले. तुम्ही थोडे तिकडं सरका, त्यायले बसू द्या. पॅड मी उघडून ठेवतो. तुम्ही त्यायले काही विचारू नका सायेब, अन् मी बी आता बोलत नाई.