गुळगुळीत फासळ्या

घरच्या गॅरेजात विमान बांधणं हा मानवी बुद्धीचा कळस आहे. जुलैतल्या एका शनिवारी, आमच्या विस्कॉन्सिनमधल्या छोट्या विमानतळावर, पॅनकेकच्या नाश्त्याच्या रांगेत माझ्यापुढे असे दोन कळस उभे होते.

"ऑरिन, पंखाच्या फासळ्यांच्या कडा घासून झाल्या?"

"झाल्या, व्हर्लिन! लोण्यासारख्या. बायकोचा तलम पायमोजा प्रत्येक कडेवरून फिरवून बघितला. अडकला, की परत कानस."

"आणि लोर्ना काय म्हणाली?"

"काय म्हणणार? भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे घालून चर्चला जाते. वर दम दिलाय, बर्फ पडायच्या आत विमान बाहेर गेलं नाही तर तिची गाडी गॅरेजात येईल."

"अरे, मला नुसत्या कडा घासायलाच दोन हिवाळे लागले."

"तू एकेक घासत बसतोस, बाबा. मी फासळ्यांसाठी कापलेल्या सगळ्या सपाट पत्र्याच्या पट्ट्यांची चवड रचली, शिकंज्यात आवळली आणि एका दमात घासून काढली."

"डोकं आहे तुला. मग त्या कडा वाकवल्यास कधी?"

"लगेच! हात बसला होता ना. एकाच साच्यावर सगळ्या धडाधड ठोकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. इतक्या एकसारख्या, की कुठली कुठली ते ओळखून दाखव."

"ऑरिन, उजव्या पंखाच्या फासळ्या उलट बाजूला वाकवायच्या असतात."

"अं?"

"तुझे दोन्ही पंख डावे झालेत, गड्या."

"पण कडा बघ ना! एकदा हात तर फिरव."

नोव्हेंबरात बर्फ पडला. लोर्नाची गाडी आता गॅरेजात असते.