मधे जागा सोडायची नाही

नाही नाही, फोटो काढायचा नाही, बेटा — तू पुसायलाच निघालीस की — फोटो राहू दे, आवाजही राहू दे, मी फक्त एवढंच म्हणतोय की वेबसाइटचं पान उघडल्या उघडल्या तो समोर यायला नको, पान खाली उघडलं पाहिजे, एकदम खाली, अस्थिविसर्जन लिहिलंय तिथे. होतं ना तसं? होतं, परवा तूच म्हणालीस तुझ्या बाबांसमोर, काका, कितीही लांब पान असलं तरी हव्या त्या जागी थेट नेता येतं — म्हणून तर शरदरावांना म्हटलं, तुमच्या अवनीला एक दिवस रामघाटावर पाठवा, बँकेतल्या माणसाची पोर आहे, नीट काम करेल. बस, गादीवर बस आरामात, आणि ती खिडकी लावून घे आधी — माकडं फार झालीत, गेल्या आठवड्यात माझा चष्मा उचलून नेला आणि समोरच्या गच्चीवर बसून डोळ्याला लावून बघत होतं, मी इथून केळं दाखवतोय आणि ते माझ्याच चष्म्यातून मला न्याहाळतंय. चहा येईल. अंतरा ठेवतेय आत. अंतरा म्हणजे आमची सून, दार तिनेच उघडलं ना तुला.

हे पान अनिमेषचं. माझ्या मुलाने केलेलं, सगळं त्याचंच. मी म्हणायचो, अरे आपण पौरोहित्य करणारी माणसं, यजमान पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पायांनी गली विचारत येतात, आपल्याला जाहिरात कशाला — तर म्हणायचा, बाबा, यजमान आता आधी फोनमध्ये येतो, मग गलीत. खरं होतं त्याचं. बघ ना — सगळ्यात वर तो स्वतः, हसतोय, फोटोला बोट लागलं की बोलायला लागतो — आत्ता लावू नकोस हं बोट, आत ऐकू जातं — त्याच्याखाली काशीदर्शन, मग नावेतून घाट, शिंदे घाट, भोसले घाट, त्याने स्वतः काढलेले फोटो, मग आपल्या घरचं जेवण, राहायची सोय, गंगापूजन, लघुरुद्र, आणि बोट दुखेपर्यंत सरकवत गेलं की तळाला अस्थिविसर्जन, दहावं, श्राद्ध. यावरून वाजलं होतं आमचं. म्हटलं, अरे बहुतेक यजमान ज्या कामाला येतात तेच तू तळाला नेऊन ठेवलंस? तर म्हणे, बाबा, दार उघडल्या उघडल्या मरण नको. माणूस काशीत आला की आधी त्याला नदी दिसू दे, दोन घास जेवू दे, बाकीचं आहेच खाली. बाकीचं आहेच खाली, असं म्हणाला. आणि त्याचं स्वतःचं काय झालं, तर वरून एकदम खाली — मधलं सगळं राहूनच गेलं. यजमानांना बाबतपूरला विमानतळावर सोडायला गेला होता. ते लोक नागपूरला पोचले, सुखरूप पोचलो, तुम्हीही पोचलात ना घरी, असा संदेश पाठवला त्यांनी — त्याच्याच फोनवर आला तो, आणि फोन पोलिसांनी आणून माझ्या हातात दिलेला. ट्रक होता. त्याची आई आधीच गेली होती, ते बरं झालं — असं म्हणू नये, पण बरंच झालं.

तर हे मी यजमानांसाठी म्हणतोय. माझ्यासाठी नाही, माझं काय. तू विचार कर, घरात कुणी गेलंय, पिशवीत अस्थी आहेत, माणूस गाडीत बसून आमचं पान उघडतो, आणि समोर काय — हसरा मुलगा, नमस्कार, काशीत तुमचं घर आहे, मजेत या, मजेत राहा. बरं दिसतं का ते? नाही दिसत. सांगलीच्या एक बाई आल्या होत्या, पती गेले त्यांचे, इथेच तू बसलीस तिथे बसल्या होत्या, आणि कुठला विधी कधी ते बघायला त्यांनी फोन काढला, बोट लागलं फोटोला, आणि हा बोलायला लागला. मजेत या, मजेत राहा. त्या बिचाऱ्या ओशाळल्या, फोन पदराखाली धरला, तरी बोलतोच आहे. मग रडता रडता हसू आलं त्यांना. केवढा गोड बोलतो हो, म्हणाल्या, आणि अंतरा पाणी घेऊन आली होती तर तिलाच विचारलं, तुमचे मिस्टर का? ही म्हणाली, हो. कुठे आहेत, दिसले नाहीत? तर ही तोंड उघडणार त्याच्या आत मी म्हणून मोकळा — घाटावर गेलाय.

का म्हणालो? मला काय माहीत का म्हणालो. समोर बाई नवऱ्याच्या अस्थी मांडीवर घेऊन बसलेली, तिला मी काय सांगू, की बाई, तुम्हाला ज्याच्या आवाजाने हसू आलं तोही — नाही ना सांगता येत. मतलब, त्यांच्यासाठीच म्हणालो. आणि खरं सांगू, पहिल्यांदा म्हणालो असंही नाही. आधीही एकदोघांनी विचारलं होतं. कुणाला पुण्याला गेलाय म्हणून सांगितलं, कुणाला बाजारात. पण घाटावर गेलाय हे बरं वाटतं तोंडाला — कारण तो असायचाच घाटावर. म्हणताना खोटं वाटतच नाही. उलट क्षणभर असं होतं की — जाऊ दे. तू तुझं काम कर.

 अंतरा पेला ठेवून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसत होतो तर दारात येऊन उभी राहिली, आणि हळू आवाजात म्हणाली, बाबा, असं नका सांगू कुणाला. तुम्ही म्हणता घाटावर गेलाय, आणि मग मी दिवसभर जिन्याकडे कान लावून बसते.

  मी म्हटलं, बरं.  म्हटलं, मग आपण तो फोटोच काढून टाकू, म्हणजे कुणी विचारणार नाही. तर असं बघितलं तिने माझ्याकडे, की मीच त्याला दुसऱ्यांदा पोचवून यायला निघालोय. दुपारी सगळं आवरलं की ती तिकडे बसते, भिंतीकडे तोंड करून, फोन कानाला — मला वाटायचं माहेरी बोलते. माहेरी कुठली — यालाच ऐकते. मजेत या, मजेत राहा. तेवढाच आवाज आहे गं त्याचा आमच्याकडे. एवढा बडबडा मुलगा, आणि उरलं काय तर यजमानांचं स्वागत. तिच्यासाठी एक शब्द नाही त्यात, माझ्यासाठी नाही. म्हणून म्हणतोय, काढायचा नाही, आणि समोरही ठेवायचा नाही. असं होईल असं काही कर.

हं, बोल, ऐकतोय. अच्छा — म्हणजे आधी त्या जागेला एक नाव द्यायचं, पानात ते दिसत नाही पण असतं, आणि मग पानाच्या पत्त्याच्या, त्या लिंकच्या, शेवटी ती दोन उभ्या-दोन आडव्या रेघांची खूण टाकून तेच नाव लिहायचं, की पान सरळ तिथेच जाऊन थांबतं. अगं मग हा तर आमचा संकल्प झाला. हसू नकोस, खरंच सांगतो — आम्ही काय करतो, भरतखंडापासून सुरू करतो, मग काशीक्षेत्र, मग भागीरथीचा पश्चिम तीर, मग तिथी, वार, नक्षत्र, आणि शेवटी गोत्र आणि नाव, की एवढ्या मोठ्या जगातून बरोबर त्याच माणसापाशी. तुमच्यात आणि आमच्यात फरक काय? आणि नाव चुकलं तर? पान वरच उघडतं? एका अक्षराने चुकलं तरी? बघ, तेच. म्हणून तर मी यजमानाला खोदून खोदून विचारतो, कागदावरचं नाव सांगा, घरातलं लाडाचं चालणार नाही. मग लिही, अस्थि. ऱ्हस्व बरं का. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं? मग ठीक आहे, तुझ्या मनाने लिही.

अरे वा. गेलं की थेट. घाट नाही, जेवण नाही, काही नाही — थेट. पुन्हा दाखव. अच्छा. पण — काय म्हणालीस? जुना पत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांना? त्यांना वरूनच उघडणार, आणि वर तोच. मग काय उपयोग झाला? सांगलीच्या बाईंकडे जुनाच होता, त्यांनी गावभर दिला असेल, सगळे तोच उघडणार, विचारणार, आणि मी पुन्हा तोंड उघडणार. नाही, मला नाही भरवसा माझा. मी परत म्हणेन.

थांब. मग असं कर — होत असलं तर हं — त्याला उचल तिथून, आणि सगळ्यात खाली ठेव. दहाव्याच्या, श्राद्धाच्या, आपल्या घराच्या पत्त्याच्या, सगळ्याच्या खाली, जिथे कुणी यजमान उतरत नाही, काम झालं की माणूस फोन ठेवून देतो. मधे थोडी पांढरी जागा सोड. आणि मग तिथे तो. त्याला बोट लावलं की बोलू दे. आणि अंतराला एक वेगळा पत्ता करून दे, म्हणजे तिला हे सगळं मरण सरकवत खाली जायला नको, थेट त्याच्यापाशीच उघडेल. होईल? होईल म्हणतेस. मलाही दे तो. नाही, मला नको. दे, असू दे, मी नाही उघडणार.

त्या जागेचं नाव? हो, नाव लागेल ना. मधे जागा सोडायची नाही, एकच शब्द — कळलं.

अनिमेष लिही.

नुसतं अनिमेष. पुढे काही लावायचं नाही, आडनाव नाही, कै. नाही, काहीच नाही. तू म्हणशील काका एवढं काय सांगताय — तुला माहीत नसेल, बेटा, तू लहान आहेस — दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचं नाव नुसतं घेत नाहीत, त्याच्या नावाला प्रेत हा शब्द जोडून म्हणायचं असतं. जोडून. मधे जागा सोडत नाहीत तिथेही. शास्त्रच आहे ते, त्यात वाईट काही नाही, मी आयुष्यभर लोकांकडून म्हणवून घेत आलो, मुलगा बापाचं म्हणताना अडखळला की सांगायचो, मोठ्याने म्हणा, स्पष्ट म्हणा, नाहीतर पोचत नाही. रागवायचोसुद्धा. आणि अनिमेषच्या वेळी घाटावर मी यजमानाच्या जागेवर, समोर सांगायला आमचे नीलकंठगुरुजी, माझ्याच हाताखाली शिकलेले. ते म्हणाले, म्हणा, अनिमेषप्रेत. मी म्हटलं, अनिमेष. ते थांबले. पुन्हा सांगितलं त्यांनी. मी पुन्हा म्हटलं, अनिमेष. जीभ पुढे जाईचना. गोत्र आलं, नाव आलं, पुढचं येईना — शेवटी त्यांनी माझ्या वतीने म्हटलं आणि पाणी सोडायला सांगितलं, मी सोडलं. पण म्हणायचं मी होतं. बापाने म्हणायचं होतं. आता ते त्याला पोचलं की नाही, तो पुढे गेला की अजून इथेच — कुणाला विचारू? सगळे मलाच विचारायला येतात.

लिहिलंस? नीट बघ, अक्षर चुकलं तर सापडणार नाही म्हणालीस. वाचून दाखव. मोठ्याने नको, आत अंतरा आहे.

…पुन्हा एकदा वाच.

बास. मिटव आता ते, बेटा, आणि जा तू घरी.