आढ्याची जुडी

तपासनीस: आणि ते वर, आढ्याला लटकतंय ते काय?

काकू: कुठे?

तपासनीस: मघापासून तुम्ही जिकडे मुद्दाम बघत नाही आहात, तिकडे.

दीर: वटवाघूळ असेल, साहेब.

तपासनीस: वटवाघळाला सुतळीची गाठ कोणी मारली?

दीर: असतात काही हौशी.

काकू: भावजी, तुम्ही गप्प बसा. तंबाखूचीच जुडी आहे, साहेब. एकच आहे.

तपासनीस: काकू, तंबाखू सोडली म्हणून सरकार तुम्हाला अनुदान देतंय. दोन हप्ते मिळाले, तिसरा माझ्या सहीसाठी थांबलाय. अट एकच. शेतात रोप नको, शेडमध्ये पान नको.

दीर: याच ऑफिसनं आधी दहा वर्षं तंबाखू लावा म्हणून अनुदान वाटलं. तेव्हाचे साहेब तुमच्या दुप्पट होते अंगानं.

तपासनीस: ते माझे वडील.

दीर: असं होय! तब्येत कशी आहे त्यांची?

तपासनीस: खोकतात.

काकू: शेतात भुईमूग बघितलात ना तुम्ही?

तपासनीस: बघितला, छान आलाय. म्हणून तर म्हणतो, जुडी काढा. मी सही करतो, तुमचा पाण्याचा पंप येतो, सगळे सुटलो.

दीर: मी शिडी आणतो.

काकू: शिडीला हात लावलात तर उद्यापासून तुमचा चहा बंद.

दीर: अहो वहिनी, पंप नाही आला तर उन्हाळ्यात भुईमुगाला काय पाजणार?

काकू: बादलीनं घालीन पाणी. साहेब, ती जुडी विकायची नाही, ओढायची नाही, चघळायची नाही. हवा बघायला ठेवलीय.

तपासनीस: हवा?

काकू: थांबा, खाली घेते.

(सुतळी सैल होते. जुडी हळूहळू खाली येते.)

काकू: लावा हात. पान कुरकुरीत लागलं की हवा कोरडी, शेंगा अंगणात पसरायच्या. मऊ पडलं की हवेत ओल, शेंगा आत घ्यायच्या. आमचे हे दर हंगामाची पहिली जुडी वर बांधायचे आणि जुनी उतरवायचे. ही उतरवायला ते राहिले नाहीत.

तपासनीस: मला तर हाताला काहीच कळत नाही.

काकू: कळायला तेहतीस वर्षं संसार करावा लागतो.

तपासनीस: हवामान रेडिओवरही सांगतात, काकू.

दीर: रेडिओ सगळ्या मुलखाचं सांगतो, जुडी आमच्या अंगणापुरतं. शिवाय रेडिओशी भांडता येत नाही. वहिनी रोज सकाळी जुडीशी भांडतात. अर्धा तास. मी ऐकतो ना.

काकू: भिंतीला कान लावता? लाज नाही वाटत?

दीर: दादाशीही अशाच भांडायच्या. तो गेल्यावर आठवडाभर शेडमधून आवाज नव्हता, तेव्हा मला झोप लागेना.

काकू: ...चहा चालू राहील तुमचा.

तपासनीस: पण मी लिहू काय? ‘शेडमधील वस्तू’ असा रकाना आहे. फावडी दोन, टोपल्या पाच, मोडकी सायकल एक...

दीर: मोडकी नाही हो. दमलीय.

काकू: खोटं नका लिहू, साहेब. माझ्यापायी तुमच्या नोकरीला धक्का नको. तंबाखू आहे म्हणून लिहा. राहू दे तो पंप.

तपासनीस: खोटं कशाला लिहीन? हिचा उपयोग काय म्हणालात?

काकू: हवा बघायला.

तपासनीस: मग झालं. ‘हवामानमापक, जुना, चालू स्थितीत. नग एक.’ इथे सही करा.

दीर: साहेब, तुम्ही वडिलांवर नाही गेलात.

तपासनीस: आईही हेच म्हणते. येतो, काकू. मोटारसायकलवर तासभराचा रस्ता आहे. वाटेत पाऊस गाठेल का हो?

काकू: थांबा जरा. विचारून सांगते.