भिंतीवरची टकटक

ठिकाण: एल्मिन्स्टर पोलीस ठाणे
दिनांक: १० फेब्रुवारी २०२६, मंगळवार, सकाळी सव्वादहा

नाव: लिओनार्ड आर्थर पार्जिटर
वय: ७३ वर्षे
धंदा: निवृत्त. पूर्वी कॅथेड्रलच्या कारखान्यात खिडक्यांच्या काचा बसवण्याचे काम
राहणार: घर क्र. ४, चँडलर्स रो, एल्मिन्स्टर

मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. कोणी बोलावलेले नाही, कोणाचा दबाव नाही. विचारल्यावरून सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी एकतीस वर्षे राहतो. माझी पत्नी हिल्डा एकोणीस वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. चँडलर्स रो ही कॅथेड्रलच्या उत्तर दारासमोरची सहा घरांची रांग आहे. दोन घरांमध्ये एकाच विटेच्या जाडीची सामाईक भिंत आहे, त्यामुळे शेजारी शिंकला तरी ऐकू येते. शेजारी कधी उठला, कोणाशी फोनवर काय बोलला, रात्री किती खोकला, हे आम्हा सगळ्यांना सगळ्यांचे माहीत असते आणि माहीत असल्याचे कोणी दाखवत नाही. आमच्याकडे चांगला शेजार म्हणतात तो हाच.

घर क्र. ५ मध्ये मिस म्यूरियल ओडी राहत होत्या. वय ८४, अविवाहित, निवृत्त संगीत शिक्षिका. त्यांची एक भाची लीड्सला असते, ती नाताळात येते. कॅथेड्रलमधल्या वेदीची वस्त्रे धुऊन इस्त्री करून दर शनिवारी दुपारी तीन वाजता पोचवणे हे काम त्या करत. मी त्यांना मिस ओडी म्हणत असे आणि त्या मला मिस्टर पार्जिटर. याखेरीज दुसरे काही म्हणण्याची वेळ आली नाही.

हिल्डा गेल्यावर मला शांतता सहन होईना, म्हणून मी दिवसभर रेडिओ मोठ्याने लावत असे. त्या महिन्यात दारातल्या पत्रांच्या फटीतून एक चिठ्ठी आली. ती माझ्याकडे अजून आहे. तीत मजकूर असा: “प्रिय मिस्टर पार्जिटर, आपल्या दुःखाची मला कल्पना आहे. दार वाजवून आपल्याला त्रास देणे मला बरे वाटत नाही. रेडिओ फार मोठा झाला तर मी भिंतीवर तीनदा टकटक करीन. राग मानू नये.” मी उलट चिठ्ठी टाकली: “राग नाही.” तेव्हापासून तीन टकटकी झाल्या की मी रेडिओ लहान करतो. एकोणीस वर्षांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही आणि एकदाही भांडलो नाही. मला याचा अभिमान होता.

घर क्र. २ मध्ये राहणाऱ्या ब्रेंडा टॅन्सली, वय ६२, या यावरून माझी थट्टा करत. “तुमचा दोघांचा संसार भिंतीतूनच चाललाय, पार्जिटर. लग्न तरी उरकून टाका.” मी म्हणालो होतो, “लग्न केलं तर दारातून जावं लागेल, ब्रेंडाबाई.” हे मिस ओडींच्याही कानावर गेले असणार, कारण त्या आठवड्यात त्यांनी माझ्या पायरीवर लिंबाच्या दह्याची, म्हणजे लिंबू, अंडी आणि लोण्याच्या मुरंब्याची, एक बरणी ठेवली होती.

मिस ओडींना मी शेवटचे रविवारी, १ फेब्रुवारीला, सकाळच्या प्रार्थनेनंतर घरी जाताना पाहिले. हातात काठी होती. “गार आहे,” असे त्या म्हणाल्या. “आहेच,” असे मी म्हणालो. सोमवारी त्या दिसल्या नाहीत. थंडी होती, म्हणून मला त्यात विशेष वाटले नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी, सकाळी सुमारे दहा चाळीसला मी टोस्ट खात होतो. रेडिओवर बागकामाविषयी बोलणे चालले होते. भिंतीवर तीन टकटकी झाल्या. मी रेडिओ लहान केला. पाच मिनिटांत पुन्हा तीन झाल्या. मी आणखी लहान केला. तिसऱ्यांदा झाल्या तेव्हा बंदच केला आणि भिंतीकडे बघून “झालं समाधान?” असे म्हणालो. हळूच म्हणालो. त्यांना ऐकू गेले नसावे अशी आशा आहे.

दुपारी दोनच्या पुढे, रेडिओ बंद असताना, पुन्हा टकटक झाली. मला वाटले बुटांचा आवाज होत असेल, म्हणून मी बूट काढून मोज्यांवर वावरलो. मग भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबवला. भांड्याचा आवाज नको म्हणून सूप गरम न करता डब्यातूनच खाल्ले. तरी टकटक चालूच होती. मला राग आला. एवढी वर्षे पाळलेला करार त्यांनी म्हातारपणी मोडला असे वाटले, आणि माझ्याकडून काही कमी पडले नाही असेही वाटले.

बुधवारी टकटक कमी झाली, पण थांबली नाही. तीनचा हिशेबही राहिला नव्हता. कधी एक, कधी दोन. मी एक चिठ्ठी लिहिली. ती पोलिसांना मिस ओडींच्या दाराच्या आत पायपुसण्यावर सापडली आहे आणि मला दाखवली आहे. अक्षर माझेच आहे. मजकूर असा: “प्रिय मिस ओडी, कालपासून रेडिओ बंद आहे. घड्याळही बंद आहे. आता माझा श्वास तेवढा उरला आहे. तोही खुपत असेल तर कृपया लेखी कळवावे.” ही चिठ्ठी मी तीनदा लिहून पक्की केली होती. शेवटचे वाक्य जमले म्हणून मी खूश होतो.

साडेअकरा वाजता मी ती पाकिटात घालून त्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकली. झडपेचा आवाज झाला, त्याबरोबर आतून जोरजोरात, भराभर टकटक सुरू झाली. चिठ्ठी वाचून त्या चिडल्या असे मी समजलो आणि तिथून निघालो. झडप पडल्यापासून टकटक सुरू होईपर्यंत एक ओळ वाचण्याइतकाही वेळ गेला नव्हता, हे मला काल कळले.

गुरुवारी, त्यांना पूर्ण शांतता मिळावी म्हणून, मी दिवसभर घराबाहेर राहायचे ठरवले. सकाळी नऊला निघालो. कॅथेड्रलमध्ये उत्तरेकडच्या खिडकीखाली बसलो. तिथल्या निळ्या काचा मी स्वतः बसवलेल्या आहेत. दुपारी सोबत आणलेले चीजचे सँडविच खाल्ले. तिथला सेवक म्हणाला, “काय पार्जिटर, घरातून हाकललं की काय?” मी म्हणालो, “तसंच समज.” सव्वापाचला घरी परतलो. भिंतीपलीकडे काही आवाज नव्हता. मला बरे वाटले. हे असेच लिहून घ्यावे.

शुक्रवारी आणि शनिवारी मी रेडिओ अगदी बारीक लावून पाहिला. टकटक झाली नाही. त्या माझ्यावर रुसल्या असतील, पण प्रकरण मिटले, असे मी धरून चाललो.

रविवार, ८ फेब्रुवारी. प्रार्थनेनंतर बाहेर फरसबंदीवर ब्रेंडाबाईंनी मला गाठले.

“पार्जिटर, म्यूरियल कुठंय? काल वस्त्रं आली नाहीत. आज जुनीच घातली वेदीवर. असं कधी झालंय?”

मी म्हणालो, “घरातच आहेत. माझ्यावर रागावल्यात. चिठ्ठी लिहिली मी, ती जरा लागली वाटतं.”

“म्हणून देवाची कापडं अडवून ठेवायची? मी जाऊन बघते.”

“नका जाऊ. त्यांना नाही आवडत कोणी दार वाजवलेलं. दोन दिवस जाऊ द्या, आपोआप निवळेल.”

“तुमचं तुम्हाला माहीत. भिंतीला भिंत तुमची लागते, माझी नाही.” असे म्हणून त्या निघून गेल्या. माझ्या सांगण्यावरून त्या मिस ओडींकडे गेल्या नाहीत. यात त्यांचा काही दोष नाही, हे मला नोंदवायचे आहे.

सोमवारी, ९ फेब्रुवारीला, अकराच्या सुमारास ब्रेंडाबाईंनी क्र. ५ चे दार वाजवले. उत्तर आले नाही. फटीतून पाहिल्यावर त्यांना पायपुसण्यावर पाकीट पडलेले दिसले. मिस ओडींची जादा किल्ली पायरीजवळच्या कुंडीखाली असते. ती काढून त्या आत गेल्या. आवाज ऐकून मी बाहेर आलो होतो. मी पायरीवर चढलो नाही. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “पोलिसांना फोन करा, लिओनार्ड.” त्यांनी मला नावाने कधी हाक मारलेली नव्हती. मी काय ते समजलो. फोन मीच केला. आत मी अजूनही गेलेलो नाही.

हा जबाब घेणाऱ्या कॉन्स्टेबल हॉलम यांनी विचारले की किल्ली कुठे असते हे मला माहीत होते का. होते. सगळ्या रांगेला माहीत आहे. मग मी ती का वापरली नाही, असे त्यांनी विचारले. ती वापरायची नसते. तिथे ठेवलेली असते, एवढेच.

कॉन्स्टेबल हॉलम यांनी मला सांगितले की डॉक्टरांच्या मते मिस ओडी सोमवारी संध्याकाळी किंवा मंगळवारी पहाटे पडल्या, खुब्याचे हाड मोडले, त्यांना हलता आले नाही, काठी हाताशी होती. मृत्यू गुरुवारी दुपारी झाला असावा. गुरुवारी दुपारी मी कुठे होतो ते वर आले आहे.

इथवरचा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यावर कॉन्स्टेबल हॉलम म्हणाल्या, “तुम्हाला कसं कळणार होतं, मिस्टर पार्जिटर? रेडिओसाठीच आहे असंच कुणालाही वाटलं असतं.” त्यांनी चहा मागवला. त्या वयाने लहान आहेत आणि माझ्याशी चांगल्या वागल्या. मी चहा घेतला नाही. सही करण्याआधी आणखी थोडे लिहून घ्यावे अशी मी विनंती केली. ते असे की,

मिस ओडी टकटक करत ती उभ्याने, धुरांड्याच्या बाजूला, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर. एकोणीस वर्षांत त्यात फरक पडला नाही. मंगळवारी सकाळी पहिलीच टकटक झाली ती खालून, जमिनीपासून वीतभर उंचीवरून. हे मला काल कळलेले नाही. तेव्हाच कळले होते. हातात टोस्ट होता, तो ठेवून मी वाकून पाहिले. मिस ओडी जमिनीवर का असतील, असा विचार माझ्या मनात आला. जाऊन विचारावे असेही आले. पण अशा स्थितीत आपल्याला कोणी पाहिले तर त्यांना अवघडल्यासारखे होईल, असे वाटून मी रेडिओ लहान केला.

ही भर घातल्यावर सगळा जबाब मला पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. त्यातले काही वगळू नये.

(सही) लि. आ. पार्जिटर
समक्ष: आर. हॉलम, कॉन्स्टेबल